नाटकातली जिजा

बांगलादेशच्या लढाईला वर्ष झालं तेव्हा करडीच्या नाट्यमंडळाने गावातल्या शहिदावर नाटक बसवलं. दिग्दर्शक भय्याजी त्याच्या विधवेकडे, जिजाकडे, त्याचा फौजी कोट मागायला आले. कोट जिजाच्या अंगातच होता. ती खळ्यावर बैल फिरवून धान मळत होती. "नाटकातली जिजा काय करते, भय्याजी?" "तार वाचून बांगड्या फोडते, भारतमातेचा जयजयकार करते अन् पडते बेशुद्ध. बाबूलाल लुगडं नेसून असा रडते का पाहातच राहशीन." "मी पडली नाही. तार आली तवा आभाळ भरलं होतं. धान घरात जाईपर्यंत म्या बैल सोडले नाही." "हे पाहाले कोण येईन? लोकाइले वीरपत्नी पाह्यजे." "मंग तुमचा फौजी बनियानवर मरू द्या." भय्याजी नरमले. "बरं, तसंच दाखवू. पण स्टेजवर बैल कोण हाकीन? बाबूलाल बैलाले भेते." "त्याले रडू द्या. बैल मी हाकीन."