बंद पाण्यात

प्रवाळाची राखीव हद्द लागली आणि होडीचं इंजिन आपोआप थांबलं. हद्दीत कुणाचंच इंजिन चालत नसे, तशी सोयच करून ठेवलेली होती. पण समोर जयवंतीचा दीर पुंडलिक बुडत होता. तिनं वल्ही काढली.

खाली मासे इतके दाटले होते, की तळ दिसेना. इथलेच मासे वाढून हद्दीबाहेर येत आणि गावाच्या जाळ्यात सापडत.

पुंडलिक हातानं वल्हवत चोरून आत शिरला होता. खडकावर आपटून त्याची होडी फुटली होती आणि पाण्यानं भरत चालली होती. जयवंती जवळ येताच त्यानं आधी जाळं पुढे केलं. त्यात गाभोळीनं, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, फुगलेले गोबरे जातीचे मासे तडफडत होते.

“भावजी, ते आदी सोडा.”

“वयनी, बाहेर माका काय गावणा नाय गे!”

“हे मारलात तर कोणाकच गावचे नाय.”

तिनं हात पुढे केला, पण जाळ्याला जागा दिली नाही. पाणी पुंडलिकाच्या छातीला लागलं. त्यानं जाळ्याचं तोंड सोडलं आणि तिचा हात धरून वर आला.

त्यानं ओला सदरा पिळला. मग हळूच म्हणाला, “उद्या माका तुझ्या होडयेर घेशीत?”

जयवंतीनं एक वल्हं त्याच्यापुढे सरकवलं.

“आदी वल्हवा, भावजी.”