थोरलीची डबी

राणी लग्न होऊन कुपवाडला आली, त्याला महिना झाला तरी न्हाणीघरातलं फडताळ नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या बाटल्यांनी गच्च होतं. "लय दिस झालं, टाकून दे," नवरा कारखान्याला निघताना म्हणाला. राणीला त्या दिवशी कामाला सुट्टी होती; सुकलेले शाम्पू, आटलेली तेलं तिनं पोत्यात भरली. क्रीमची डबी उघडली आणि हात थांबला. मऊ क्रीमवर बोटाचा ताजा ठसा होता. तिनं अंगणात लसूण सोलणाऱ्या सासूला विचारलं, "आत्या, ही तुमी लावता व्हय?" "न्हाई. थोरली लावती. तुमी दोघं कामाला गेला की येती." राणीनं डबीचं झाकण लावलं. "आनि मी घरात असले की?" "न्हानीच्या दाराआड उभी ऱ्हाती. म्हनती, धाकटी गुनाची हाय, तिला सांगू नगा, भिईल." न्हाणीघरात जाऊन डबी जागेवर ठेवून राणी दाराकडं न बघता म्हणाली, "लावा, ताई. मी भाईर थांबते."