आरशात नसलेले चेहरे

"आई, थांब ना जरा. माझं आधीचंच अजून वाळलं नाहीये," थोरली म्हणाली.

आईने तरीही पुस्तकाचं पान उलटलं. व्हॅन गॉगची सूर्यफुलं मागे गेली, मोनेचं तळं पुढे आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती. कपातलं पाणी गढूळ झालं होतं. सहा वर्षांच्या धाकटीने कोपरापर्यंत पिवळा रंग माखून घेतला होता. पूर्वी शाळेत शिकवताना तिला एक चित्रकार तीन-तीन आठवडे पुरायचा. त्याने काय पाहिलं, कुठे खोडलं, तोच रंग पुन्हा का घेतला, सगळं सावकाश चालायचं. गेले दोन महिने घरी मात्र आई घोड्यावर बसून आल्यासारखी शिकवत होती.

सतरा वर्षं तिने शाळेत चित्रकला शिकवली. परक्यांच्या पोरांना शिकवलं आणि घरातल्या दोघींना "नंतर बसू, नंतर बसू" म्हणत राहिली. आता नोकरी सोडली होती. अशक्तपणा आलाय, विश्रांती घ्यायला सांगितलीय, असं तिने मुलींना सांगितलं होतं. खरं काय ते तिला आणि नवऱ्यालाच ठाऊक होतं. डॉक्टरांनी महिने मोजून दिले नव्हते. "पुढच्या वर्षाचे बेत आत्ता करू नका," एवढंच ते म्हणाले होते.

नवरा बस चालवायचा. दुपारी जेवायला घरी आला की तो हाच विषय काढायचा.

"थोरलीला तरी सांगू या. अकरा वर्षांची आहे ती. कुक्कुलं बाळ नाही."

"तिची परीक्षा होऊ दे."

"परीक्षा झाली की म्हणशील, सुट्टी होऊ दे."

"म्हणेन. पोरीच्या तोंडावरचं हसू मी माझ्या हाताने पुसू?"

अर्धं ताट तसंच ठेवून तो उठायचा.

एका रविवारी आईने पुस्तकातला रेम्ब्रां काढला. त्याने स्वतःचीच काढलेली चित्रं तिने एकामागून एक दाखवली. आधी कुरळ्या केसांचा पोरगा. मग मखमली टोपीतला ऐटबाज तरुण. मग गाल उतरलेला, कपाळावर आठ्या पडलेला. शेवटी म्हातारा, नाक बटाट्यासारखं झालेला. धाकटी त्या नाकाला पोट धरून हसली.

"जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस आरशासमोर बसत राहिला," आई म्हणाली. "स्वतःला उगाच देखणं केलं नाही. दिसला तसा काढला."

"शेवटचं कितव्या वर्षी काढलं?" थोरलीने विचारलं.

"त्रेसष्टाव्या. त्याच वर्षी गेला तो."

थोरली त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली. आपण 'गेला' म्हणायला नको होतं, असं आईला वाटून गेलं. तिने घाईघाईने पुस्तक मिटलं.

"आता तुमची पाळी. आरशात बघायचं आणि स्वतःचं तोंड काढायचं. पुढच्या रविवारी मला दाखवा."

धाकटीचं चित्र दहा मिनिटांत झालं. थोरली मात्र आठवडाभर शाळेतून आली की खोलीचं दार लोटून बसायची. आरसा न्यायला काही आली नाही. तो बेसिनवर टांगलेला तसाच होता. मधूनच ती बाहेर यायची, पलंगाशी उभी राहायची आणि आईचं तोंड न्याहाळायची. हनुवटी, कानाजवळचे केस, ओठांच्या कडा. आई पांघरूण वर ओढून घ्यायची. आपण आजारी दिसतोय की काय, ही तिला धास्ती.

"आजीचे केस कितव्या वर्षी पांढरे झाले गं?" थोरलीने एकदा विचारलं.

"पन्नाशीत असेल. का?"

"काही नाही." आणि ती परत आत गेली.

रविवार उजाडला. आई भिंतीला धरत धरत टेबलापाशी आली. धाकटीने दोन वेण्या आणि एक भलं मोठं तोंड काढलं होतं, पडलेल्या दातांच्या जागी काळे चौकोन रंगवले होते. आई हसली. हसताना बरगडीखाली कळ आली, ती तिने गिळली.

मग थोरलीने टेबलावर पाच कागद मांडले.

पहिल्यावर चष्मा लावलेली, गालावर मुरूम असलेली मुलगी होती. दुसऱ्यावर आखूड केसांची तरुण बाई. तिसरीचा चेहरा भरलेला, डोळ्यांखाली जागरणाच्या रेषा. चौथीची हनुवटी थेट आईची. पाचवी म्हातारी होती. मान सैल पडलेली, केस पांढरे, नजर शांत. सगळ्यांच्या भुवया मात्र थोरलीच्याच होत्या. पोरीचा हात चांगला बसला होता. पण आईतली मास्तरीण आधी जागी झाली.

"हे काय? आरशात बघून काढ म्हटलं होतं ना?"

"आरशात या दिसत नाहीत."

"मग काढल्यास कशाला? अंदाजाने काढायचं नसतं. रेम्ब्रां ज्या वयाचा झाला, त्या वयाचा आरशासमोर बसला. तूही पंधराची झालीस की पंधराची काढ. म्हातारी झालीस की म्हातारी काढ." आईचा आवाज चढला होता आणि तिला धाप लागली होती. "इतकी घाई कसली झालीय तुला?"

थोरलीने पाचही कागद उचलले आणि नीट लावून आईच्या पुढ्यात सरकवले. चष्म्यातली मुलगी सगळ्यात वर ठेवली.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "तुला बघायला मिळाव्यात, म्हणून काढल्या."