मधली जागा

कचरा डेपो बारा किलोमीटर लांब आणि एका मावशींचा मोकळा प्लॉट वाटेतच. पाडलेल्या घरांचा राडारोडा तिथेच ओतला की टेम्पोवाल्याला दुपारचं जेवण घरी गरम मिळायचं. सौदा वाईट नव्हता.

राडारोड्यात कुणाच्या नावाचा कागद सापडला तरच कारवाई होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो ढिगातल्या पावत्या, पाकिटं चाळायचा, नावाचा तुकडा फाडायचा आणि जाळून टाकायचा.

त्या प्लॉटवर मावशींना म्हातारपणासाठी घर बांधायचं होतं. एके दिवशी त्यांनी त्याला गाठलंच.

"उचला हे सगळं."

"माझं कशावरून? नाव दाखवा, मावशी."

"नावं जाळलीत ना?"

"सगळी."

"तुमचंही?"

"आधी माझंच!" तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

घरी लेक शाळेचा फॉर्म भरत होती. स्वतःचं नाव आणि आडनाव लिहून तिने मधली जागा सोडली होती. "बाबा, इथे तुमचं नाव लिहा ना."

त्याने पेन टेकवलं. नाव आठवेना.

"अगं, माझं नाव सांग बरं," त्याने बायकोला विचारलं.

"अहो, काहीतरीच काय!" लग्नापासून तिने 'अहो'च म्हटलं होतं. ती हसत सांगायला गेली आणि तोंड उघडंच राहिलं.

त्याने लायसन्स काढलं. फोटो शाबूत होता. नावाच्या जागी जळकं भोक होतं.

"बाबा, हे बघा."

फॉर्मवरच्या कोऱ्या जागेची कड काळी पडत होती.

वाचलेले बारा किलोमीटर त्याचे होते. ती काळी कड मात्र जळत सरकत होती लेकीच्या नावाकडे.