अकरा देवांचा एक देव

नंदकिशोरनं अकरा देवांच्या नावांना लाल पेनानं एकच कंस घातला आणि शेजारी लिहिलं, ‘सूर्यराज’. “झालं! आजपासून सगळ्या जमातींचा देव एकच. बाकीचे त्याचे अवतार.”

शिवदासनं वही ओढून घेतली आणि अकराव्या नावावर बोट ठेवलं. “हा देव नाहीये.”

खेळ कागदावरचा होता. नंदकिशोरचा भाऊ बोटीवर होता. त्यानं शहाऐंशी साली परदेशातून खोकं आणलं होतं. त्यात वीस बाजूंचा फासा, नकाशे आणि जाडजूड पुस्तक. कांजूरमार्गच्या एका कारखान्यातले हे तिघे, नंदकिशोर, लवू आणि शिवदास, सुट्टीच्या दुपारी मुलुंडला नंदकिशोरच्या घरी जमायचे. खेळ चालवायचा नंदकिशोरनं, जमाती सांभाळायच्या बाकीच्यांनी. लवूनं डोंगरातले ठेंगू घेतले. दलदलीतले लोक कुणालाच नको होते. पुस्तकात ते फक्त मारून टाकण्यापुरते होते. ते शिवदासनं मागून घेतले. वर्षभर खपून त्यांना लिपी दिली, कायदा दिला, शाळा दिल्या. देव मात्र दिला नाही. एक गुरुजी दिले. साधा हाडामांसाचा माणूस, म्हातारा होऊन मेलेला.

त्या माणसाचा नंदकिशोरनं एका कंसात अवतार करून टाकला. वर चेहरा असा, की जन्माचे उपकारच केलेत.

“मान दिलाय यार तुझ्या माणसाला. डायरेक्ट देव केला!”

“मला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? शेवटी सगळे एकच ना.”

हे वाक्य शिवदासनं शाळेत ऐकलं होतं, कँटीनमध्ये ऐकलं होतं. ते बोलणारा दर वेळी त्याच्यापेक्षा वर बसलेला असायचा. त्याचं डोकं सणकलं.

“गुरुजींपुढचा कंस खोड.”

“जावंदे रे, खेळ आसा तो,” लवू मध्ये पडला. “कित्याक तापतंस?”

पण आता नंदकिशोरलाही चेव चढला होता. “खोडतो. पण नियम ऐक. या खेळात दुखणं बरं होतं ते देवाच्या कृपेनं. तुझ्या गावात आज साथ आलीय. देव नाही तर कृपा नाही. एक फासा टाकला की अख्खी जमात खलास. बोल, अवतार मान्य?”

वहीत दलदलीतल्या माणसांची तीनशे बारा नावं होती. एकेक नाव शिवदासनं स्वतः ठेवलं होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर सगळी वाचली असती. नंदकिशोरला ते पुरतं ठाऊक होतं आणि तो मजेत फासा खुळखुळवत बसला होता.

शिवदासनं त्याच्या हातातलं पेन हिसकावलं. गुरुजींच्या नावापुढचा कंस इतक्या जोरात खोडला की कागद फाटला.

“टाक फासा.”

“वेडा झालास काय? देवाशिवाय जगणार कशी रे तुझी माणसं?”

“छप्पन साली माझ्या आज्यानं घरातले सगळे देव नदीत सोडले,” शिवदास म्हणाला. “गाव म्हणालं, वर्षभरात मरशील. परवाच त्याला पंच्याऐंशी पूर्ण झाली.”