तीनच प्रश्न

"एका सेशनमध्ये तीनच प्रश्न हं, ताई," लॅपटॉपमधली बाई म्हणाली. म्हणे, फोटो बघून ही प्राण्यांशी मनातल्या मनात बोलते! बायको चार महिने आमच्या कुत्र्याला, बंड्याला शोधत होती. पोस्टरं लावून झाली, नवस बोलून झाले, आता ही भोंदू.

बंड्याची साखळी मुठीत घट्ट धरून बायकोनं विचारलं, "जिवंत आहे ना तो?"

बाईनं डोळे मिटले. "अगदी मजेत आहे. कॅनॉलजवळ एक आजी त्याला दूधभात घालतात."

"धडधडीत थापा मारतेय!" मी ओरडलो.

बायकोनं मला हातानंच गप्प केलं. "आमची आठवण काढतो?"

"बाबांची जास्त काढतो. म्हणतोय, बाबांच्या गाडीचा आवाज आला, की सगळ्यांत आधी मीच धावत जायचो."

माझं डोकंच फिरलं. "बास झालं! त्याच गाडीखाली मेलाय तो! या हातांनी पुरलाय मी त्याला!"

बाई डोळे उघडून माझ्याकडे बघतच राहिली. बायकोनं लॅपटॉप मिटला. साखळी तिच्या हातातच होती.

उरलेला प्रश्न तिनं मला विचारला.

"कुठे?"