दहापैकी सात

'सर्वांत आनंदी कंपनी'च्या स्पर्धेसाठी रंगाच्या कारखान्यात सर्व्हे आला. प्रयोगशाळेतल्या ताई प्रश्न न वाचताच दहापैकी दहा देत सुटल्या.

"ताई, कालच तर राजीनामा फेकते म्हणत होतात," नवी मुलगी म्हणाली.

"आजही म्हणतेय. तू मुकाट्याने दहा दे."

पण मोजमापात लबाडी करणं मुलीच्या जिवावर आलं. तिने प्रामाणिकपणे सात दिले. कंपनीचा पहिला नंबर थोडक्यात हुकला, आणि साहेबांनी कर्मचाऱ्यांचा आनंद वाढवायचं मनावर घेतलं.

सुट्टीच्या दिवशी, भल्या सकाळी, सगळा विभाग हिरवळीवर गोल करून, हात वर करून साहेबांच्या शिट्टीवर खदाखदा हसत होता.



हसता हसताच मुलीने हळूच विचारलं, "ताई, पुढच्या वेळी अकरा देता येतील का?"